पाव लिटरचे भांडे आणि कारखान्याची टाकी

गेल्या वर्षी संघाची बैठक आटोपून आम्ही घरी निघालो असता आमच्या वस्तीतील एका भगिनीने आम्हांस वाटेत थांबविले. तिची मुलगी मायक्रोबायॉलॉजी घेऊन एम.एस्सी. झाली आणि औषधे बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली. सगळ्या वस्तीला पेढे वाटले गेले. परंतु सहा महिन्यांनी त्या माउलीच्या मनात शंका शिरली होती. ती म्हणाली, "दादा, एवढं शिकवलं पोरीला. आणि ती सांगते, दिवसभर पाव लिटरच्या भांड्यात जंतू वाढवते आणि वहीत आकडे लिहिते. बाया विचारतात, बाटल्या धुवायला ठेवलंय का तिला? मी काय सांगू त्यांना?"

त्या दिवशी आम्ही घाईत होतो, आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखे हे उत्तरही नव्हते. आमची स्वतःची नोकरीची बहुतेक वर्षे अशाच भांड्यांपाशी गेली आहेत. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा प्रथम त्या भगिनीचीच आठवण झाली. तेव्हा हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम स्वयंपाकघरातील गोष्ट घेऊ. घरी चार माणसांचा भात लावताना एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातले की काम भागते. पण लग्नाच्या पंगतीला वीस किलो तांदूळ एकाच पातेल्यात शिजवावयाचा असला तर तेवढ्या हिशेबाने भागत नाही, हे आचाऱ्याला पक्के ठाऊक असते. तळाचा भात लागतो, मधला गिच्च होतो आणि वरचा कच्चा राहतो. तांदूळ तोच, पाणी तेच, जाळही भरपूर, मग बिघडले कोठे? बिघडले ते भांड्याच्या आकारात. कोणतेही भांडे लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही बाजूंनी दसपट मोठे केले, तर त्यात हजारपट माल मावतो. पण त्याचा पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे एक लिटरच्या भांड्यात प्रत्येक लिटर मालाच्या वाट्याला जेवढी भिंत येते, तिच्या एक दशांशच भिंत हजार लिटरच्या टाकीत येते. उष्णता आत जाते ती भिंतीतून आणि बाहेर पडते तीही भिंतीतूनच. आचाऱ्याची अडचण आणि औषधाच्या कारखान्याची अडचण येथे एकच आहे. फरक इतकाच, की आचाऱ्याला जाळ आत पोहोचवावयाचा असतो, तर कारखान्याला जंतूंच्या अंगची उष्णता बाहेर काढावयाची असते. सूक्ष्मजीव जोमाने वाढू लागले की ते स्वतःच तापतात. छोटे काचभांडे बाहेरून पाणी फिरवून थंड ठेवता येते. मोठ्या टाकीत मात्र आतूनही नळ्यांची वेटोळी सोडावी लागतात.

ज्या भांड्यात जीवाणू, बुरशी, यीस्ट किंवा प्राण्यांच्या पेशी मुद्दाम वाढवून त्यांच्याकडून औषध, लस वा अन्य पदार्थ तयार करून घेतात, त्या भांड्यास बायोरिॲक्टर म्हणतात. जंतूंच्या कामासाठी वापरले की त्यालाच कारखान्यात सर्रास फर्मेंटर म्हणतात. दह्याचे मडके हाही त्याचाच एक साधा भाऊबंद. पण दह्याच्या जंतूंना हवा लागत नाही, म्हणून आईचे काम सोपे असते. बहुतेक औषधांच्या जंतूंना हवा लागते आणि तीही सतत लागते. सगळी कहाणी येथूनच सुरू होते.

पाण्यात साखर शेकडो ग्रॅम विरघळते, पण प्राणवायू मात्र फारच थोडा विरघळतो. आपल्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, हवा भरपूर मिळालेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम सात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. दाट वाढलेले ई. कोलाय जंतू एवढा साठा आठ-दहा सेकंदांत फस्त करतात. म्हणजे त्यांना साखर एकदम देऊन चालेल, पण श्वास मात्र क्षणाक्षणाला पुरवावा लागतो.

जुन्या काळच्या संशोधकांनी यावर उपाय केला तो पृष्ठभागाचा. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी येथेच प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मांसाच्या रश्श्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबत वाढत. फ्लास्क हलवून ते झुबके तळाशी पाडावयाचे आणि वर पुन्हा नवे वाढू द्यावयाचे, अशी ती रीत होती. आपल्या घरातील तूप विज्ञानाच्या असे उपयोगी पडले, हे आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

पेनिसिलिनच्या बाबतीतही सुरुवात पृष्ठभागानेच झाली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये त्या बुरशीचा गुण दिसला, पण औषध हाती येण्यास ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व हीटली यांची वाट पाहावी लागली. नॉर्मन हीटली यांनी आजाऱ्याच्या मलपात्राच्या धर्तीवर चिनी मातीची उथळ भांडी करवून घेतली. त्यांत पातळ थर ओतून वर बुरशीची साय धरू देत. ही शेकडो भांडी सांभाळण्यासाठी सहा तरुण मुली नेमल्या होत्या. त्यांना 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. भांडी भरणे, फवारणे, रस काढणे हेच त्यांचे काम. त्यांनाही त्यांच्या शेजारणींनी काय काय विचारले असेल कोण जाणे! फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला हे औषध टोचण्यात आले. मरणाच्या दारातला तो माणूस सुधारू लागला. पण औषध संपले. त्याच्या लघवीतून परत मिळविलेले औषधही पुन्हा टोचून झाले, आणि १५ मार्च १९४१ रोजी तो दगावला. औषध ठाऊक होते, गुणकारीही होते. पण ते पुरेसे पिकविणारे भांडे नव्हते.

ते भांडे अमेरिकेत घडले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या कारखान्यातून निघणारे पाणी बुरशीला खाऊ घातले आणि बुरशी सायीसारखी वर न धरता खोल द्रवात बुडवून, हवा सोडून वाढविण्याचा मार्ग पक्का केला गेला. १९४३ मध्ये तेथील बाजारातल्या एका खरबुजावर त्याहून जोमदार बुरशी सापडली. १ मार्च १९४४ रोजी ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीने प्रत्येकी साडेसात हजार गॅलनच्या, म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटरच्या, चौदा टाक्या चालू केल्या. आपल्या महाराष्ट्रात ही विद्या पिंपरीस आली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागले.

आता कोणी म्हणेल, मोठी टाकी साधली, मग पाव लिटरच्या भांड्याचे काय काम? काम असे, की अठ्ठावीस हजार लिटरची टाकी प्रयोगासाठी नसते. एक घाण बिघडला तर त्यातील साखर, वाफ, वीज, आठवडाभराची मेहनत सारे गटारात जाते. म्हणून ज्या चुका करावयाच्या त्या लहान भांड्यात आधी करून घ्यावयाच्या.

या शिकवणीचे पहिले भांडे म्हणजे शंकूच्या आकाराचा काचेचा फ्लास्क. अडीचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये पंचवीस ते पन्नास मिलिलिटरच द्रव घालतात, कापसाचा बोळा लावतात आणि तो हलत्या फळीवर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरवितात. नवशिका विद्यार्थी विचारतो, एवढी जागा रिकामी का? ती हवेसाठी. आमच्या हाताखाली आलेल्या कित्येक मुलांनी पैसे वाचवावे म्हणून फ्लास्क गळ्यापर्यंत भरले आणि जंतू वाढत नाहीत म्हणून रडत आली. पण फ्लास्कला मर्यादा आहेत. आत आम्लता किती झाली, प्राणवायू किती उरला, हे साध्या फ्लास्कमध्ये समजत नाही, आणि वाटेत काही घालावयाचे म्हटले तर बोळा काढावा लागतो.

म्हणून त्यापुढचे भांडे येते. एक ते पाच लिटरची काचेची बरणी, वर पोलादी झाकण. झाकणातून दांडा आत जातो व त्यावर पंख्यासारखी पाती असतात. तळाशी भोकांची नळी असते, तिच्यातून गाळलेली निर्जंतुक हवा येते. पात्यांनी बुडबुडे फोडून बारीक करावयाचे, म्हणजे हवा आणि पाणी यांची गाठ जास्त जागी पडते. एक सळई आम्लता मोजते, दुसरी विरघळलेला प्राणवायू, तिसरी तापमान. आम्लता वाढली की अमोनियाचा किंवा कॉस्टिकचा पंप आपोआप दोन थेंब टाकतो. फेस वर आला की फेस मारणारे द्रव्य पडते. (फेसाला हसू नये. फेस हवेच्या बाहेर जाण्याच्या गाळणीत शिरला की ती तुंबते, आणि मग रात्री दोन वाजता माणसाला घरून बोलावणे येते.) सगळे भांडे आधी १२१ अंशांच्या वाफेत, पंधरा पौंड दाबाखाली उकळून निर्जंतुक करतात. लहान भांड्याचा एवढा थाट कशासाठी, तर मोठ्या टाकीत जे जे घडणार आहे ते ते येथे मोजता यावे.

येथेच या विद्येतील खरी मेख आहे. पुष्कळांची अशी समजूत असते, की लहान भांड्यात जे जमले ते मोठ्या टाकीत दामदुपटीने करावयाचे की झाले. तसे होत नाही. एक हिशेब मांडतो. लहान भांड्यातील पाते पाच सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि ते मिनिटाला सहाशे फेरे फिरते. त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर होतो. मोठ्या टाकीतील पाते एक मीटर व्यासाचे आहे. त्याच्या टोकाचा वेग तेवढाच ठेवावयाचा तर ते मिनिटाला तीसच फेरे फिरले पाहिजे. पण प्रत्येक लिटरमागे ढवळण्याची शक्ती तेवढीच ठेवावयाची असे म्हटले, तर फेरे येतात सुमारे ऐंशी. आणि सहाशे फेरे तसेच ठेवावे म्हटले तर टोकाचा वेग सेकंदाला एकतीस मीटर होईल. तेवढी शक्ती देणारी मोटार परवडणार नाही, आणि नाजूक पेशींचे तर पीठ होईल. म्हणजे एक गोष्ट सारखी ठेवली की दुसरी हातची जाते. कोणती धरावयाची आणि कोणती सोडावयाची, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते त्या त्या जंतूला विचारावे लागते, आणि विचारण्याची जागा म्हणजे लहान भांडे. हवेवर जगणाऱ्या जंतूंच्या बाबतीत बहुधा प्राणवायूचा पुरवठा सारखा ठेवतात. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आम्ही ज्या कारखान्यात होतो त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ई. कोलायकडून एक प्रथिन करवून घ्यावयाचे होते. पाच लिटरच्या भांड्यात तीन वेळा उत्तम जमले. तीन हजार लिटरच्या टाकीत मात्र प्रथिन निम्म्यावर आले. आम्लता सावरण्यासाठी टाकीने अमोनियाही नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ओढून घेतला होता. प्राणवायूची सळई मात्र रात्रभर ठीक आकडा दाखवीत होती. चौकशी झाली. रात्रपाळीला एक कंत्राटी ऑपरेटर मुलगा होता. त्याने साखरेच्या पाकाचा पंप नीट पाहिला नाही, आकडे बसून भरले, असा ठपका त्याच्यावर आला आणि मेमो निघाला. मुलगा गरीब घरचा. कायम होण्याची त्याची आशा त्या एका कागदावर लटकली होती. तो म्हणत होता, "साहेब, मी दर अर्ध्या तासाला टाकीवर चढलो." त्याचे ऐकून घेण्यास कोणी मोकळे नव्हते.

आम्हांस एक शंका होती. टाकीत साखरेचा पाक वरून पडत होता आणि सळई खाली बसविलेली होती. मोठ्या टाकीत एक थेंब सगळीकडे मिसळण्यास बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात वरच्या थरातील जंतूंना साखर फार आणि हवा कमी पडते. ई. कोलायचा स्वभाव असा, की साखर फार झाली किंवा श्वास अडला की तो ॲसिटेट टाकू लागतो, आणि ॲसिटेट साचले की वाढ व प्रथिन दोन्ही खुंटतात. ही शंका आमचीच नव्हे; स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्वेन-ओलोफ एनफोर्स व त्यांचे सहकारी यांनी लहान भांड्याला एक लांब नळी जोडून, जंतूंना त्या नळीतून साखरेच्या माऱ्याखाली फिरवून मोठ्या टाकीचे दोष प्रयोगशाळेत दाखवून दिले होते. आमच्याकडे तसे यंत्र नव्हते. आम्ही साधा उपाय केला. दोन भांडी शेजारी शेजारी लावली. एकात पाक संथ धारेने सोडला. दुसऱ्यात तेवढाच पाक काही मिनिटांच्या अंतराने एकदम ओतीत राहिलो. दुसऱ्या भांड्यात ॲसिटेट साचले, अमोनिया जास्त लागला, प्रथिन घटले. टाकीत झाले तेच, पण आता आमच्या टेबलावर. पाकाची नळी वाढवून टाकीच्या खालच्या पात्याजवळ सोडली आणि पुढचा घाण उतरला. तीन आठवड्यांनी मेमो परत घेतला गेला. मुलाची कोणी माफी मागितली नाही, ही गोष्ट वेगळी.

प्राण्यांच्या पेशींचे काम याहून नाजूक. जीवाणूला बाहेरून भिंत असते. या पेशींना नसते. अनेक आधुनिक औषधे चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत होतात. १९५७ मध्ये थिओडोर पक यांनी त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत्या केल्या, आणि १९८७ मध्ये हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळविणारे त्यांतून बनविलेले औषध अमेरिकेत मान्य झाले. ढवळण्याने या पेशी मरतात असे पूर्वी वाटे. खरा घात होतो तो द्रवाच्या माथ्यावर बुडबुडा फुटताना. म्हणून पोलोक्झॅमर नावाचे द्रव्य थोडेसे घालतात. त्यामुळे पेशी बुडबुड्याला चिकटत नाहीत. ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, या पेशींना जवळजवळ एक दिवस लागतो. एक घाण दोन आठवडे चालतो. त्यामुळे दहाव्या दिवशी जरी एखादा बाहेरचा जंतू आत शिरला तरी पेशींची सगळी मेहनत तो एका रात्रीत खाऊन टाकतो.

दोन आठवड्यांचा एक प्रयोग, म्हणजे एका भांड्यात वर्षाला सव्वीस. शेकडो पेशींतून उत्तम पेशी निवडावयाची, प्रत्येकीला वेगळा आहार लावून पाहावयाचा, तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत भांडी आणखी लहान झाली आणि एकाच वेळी पुष्कळ चालू लागली. ॲम्बर नावाच्या यंत्रात दहा ते पंधरा मिलिलिटरची प्लॅस्टिकची चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भांडी रांगेने बसतात. प्रत्येकात स्वतःचे पाते, स्वतःची हवा. आणि यंत्राचा हात एकेकाला थेंब देत, नमुना काढत फिरतो. याचेच मोठे भावंड शंभर ते अडीचशे मिलिलिटरचे, आणि त्या भगिनीची कन्या काम करते ते बहुधा हेच असावे. बायोलेक्टर या दुसऱ्या यंत्रात अठ्ठेचाळीस खळग्यांची ताटली हलत राहते; खळगे फुलाच्या पाकळ्यांच्या आकाराचे असतात, म्हणजे द्रव भिंतीवर आपटून हवा जास्त घेतो. एवढ्या लहान जागेत सळई मावत नाही. म्हणून तळाशी प्रकाशाने चमकणारा रंगाचा ठिपका लावतात; प्राणवायू वाढला की त्याची चमक कमी होते, आणि खालून ती मोजता येते.

अर्थात या यंत्रांवर डोळे मिटून विश्वास टाकणारे आम्ही नव्हे. बारा मिलिलिटरच्या भांड्यातून रोज एक मिलिलिटरचा नमुना काढला तर बाराव्या दिवशी काय उरते, हे कोणीही सांगेल. लहान द्रवातून पाणी उडून जाते आणि उरलेले आपोआप दाट होते. मग आकडा वाढलेला दिसतो आणि साहेब खूष होतात. मोठ्या टाकीच्या तळाशी वरच्या द्रवाचा दाब असतो, पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत नाही. यांतले काही लहान भांड्यात आपणहून दिसत नाही. म्हणून ही मुले वहीत नुसता शेवटचा आकडा लिहीत नाहीत. किती अल्कली लागली, प्राणवायू किती वाजता खाली आला, फेस केव्हा आला, पात्याचा वेग कधी वाढवावा लागला, हे सारे वेळेसह लिहितात. आमच्या त्या कंत्राटी मुलाच्या वहीतही अर्ध्या अर्ध्या तासाचे अमोनियाचे आकडे होते. आमची शंका पक्की झाली ती ते आकडे पाहूनच.

यंदाच्या बैठकीला ती भगिनी पुन्हा भेटली. मुलीने चालविलेल्या एका प्रयोगाची आता दोन हजार लिटरच्या टाकीत पहिली खेप लागणार आहे आणि तिला पहिल्या रात्री तेथे थांबावयास सांगितले आहे, असे म्हणाली. आम्ही समजावून सांगू लागलो, तर तिने मध्येच थांबवून विचारले, "ते राहू द्या दादा. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का, तेवढं सांगा."